अंगठ्याची जागा

१

माझं काम काय, असं कुणी विचारलं की वहिनी माझ्या आधी उत्तर देते. "आमच्या नणंदबाई पत्त्यांना रंग लावतात आणि मग त्यांना प्लास्टिकचे कपडे घालतात." ऐकणारा माझ्याकडे जरा सांभाळून बघायला लागतो.

वहिनीचं तसं चुकत नाही. चित्रांची, गोळा करायची, दोघांनी समोरासमोर बसून खेळायची जी पानं असतात ना, ती लोक माझ्याकडे आणतात. पानावरचं चित्र चौकटीत असतं, भोवती कोरी कड असते. मी ते चित्र कडेवर वाढवते. डोंगर असेल तर डोंगर, ढग असेल तर ढग, पार टोकापर्यंत. मग ते पान आधी घट्ट पारदर्शक पाकिटात आणि नंतर चार स्क्रूंच्या कडक केसमध्ये बंद करते. धूळ नाही, ऊन नाही, कुणाचं बोट नाही. दादा नोकरीसाठी बाहेरगावी असतो, घरात वहिनी आणि मी. खिडकीजवळचं टेबल माझं, बाकी सगळं घर तिचं.

या कामाचा एकच नियम मी डोळ्यात तेल घालून पाळते. पान टेबलावर आलं की पहिल्यांदा ते पुसायचं. माणसाच्या बोटांचं तेल पानाला हळूहळू खातं आणि तेलकट जागेवर रंगही धरत नाही. म्हणून स्पिरिटमध्ये बुडवलेला कापसाचा बोळा वरपासून खालपर्यंत, एकदा उभा, एकदा आडवा. अकरा वर्षं हे करतेय. बाहेर पडताना दाराला कुलूप लावल्याचं जसं आपल्या लक्षात राहत नाही, तसं पान पुसल्याचं मला लक्षात राहत नाही.

एका मंगळवारी चष्मेवाले काका आले. त्यांचं दुकान आमच्यापासून तीन गल्ल्यांवर. माझ्या नाकावरचा चष्मा त्यांचाच. काउंटरवर काकू बसायच्या आणि गिऱ्हाईक गेलं तरी चालेल, पण खरं बोलायच्या. "ही फ्रेम घेऊ नका, घुबड दिसाल," असं त्यांनी मला तोंडावर सांगितलं होतं. त्या जाऊन आठ महिने झाले होते. त्यानंतर मी दुकानावरून जायची, पण आत जाऊन काय बोलायचं हे न सुचल्यामुळे पुढे निघायची. त्याची मला लाज वाटत होती.

काकांनी खिशातून चष्म्याची डबी काढली. आत भिंगं पुसायच्या मऊ फडक्यात एक पान होतं.

"लेकीचा खेळ हा," ते म्हणाले. "ती शिकायला गेली, गठ्ठा घरीच राहिला. एक दिवस आम्ही दोघं नियम वाचत बसलो. तेव्हापासून रोज दुपारी दुकान बंद असतं ना, अडीच ते साडेतीन, तेव्हा एक डाव. सतरा वर्षं."

पानाचं नाव नावाडीण. धुक्यातली नदी, एक छोटी नाव, आणि त्यात पाठमोरी उभी असलेली बाई. हातात लांब बांबू. चेहरा दिसत नाही. खाली बारीक अक्षरांत नियम लिहिलेला: ही टाकली की ती डावातून निघून जाते. आडवी टाकली तर समोरच्याचं एक पान नावेत घालून नेते. उभी टाकली तर एकटीच जाते, आणि समोरचा एक नवीन पान ओढतो.

"नदी तीन बाजूंनी कडेपर्यंत वाढवा," काका म्हणाले. "पण इथं काही करू नका."

त्यांनी उजवा खालचा कोपरा दाखवला. कोपऱ्याची कड पांढरी पडली होती, मऊ झाली होती, किंचित वर उचलली गेली होती. त्याच्या जरा वर एक तपकिरी, लांबट गोल, चकचकीत डाग होता. बोराएवढा.

"ती विचार करताना इथं अंगठा घासायची. आणि नखानं कोपरा उडवायची. टक, टक. मला असा वैताग यायचा!" ते हसले आणि तसेच थांबले. "आता तेवढा अंगठाच उरलाय, ताई. अशी केस करा की वारासुद्धा लागता कामा नये. मी शनिवारी येतो."

मी म्हटलं, काका, काळजी करू नका. अगदी याच शब्दांत म्हटलं.

२

ते गेल्यावर मी चहा प्यायले, दुसऱ्या एका पानाचं काम संपवलं आणि नावाडीण पुढ्यात घेतली. रंग काढले. तीन केसांचा ब्रश काढला. नदीचा करडा रंग जुळवताना शेजारच्या बशीत नजर गेली. बशीत वापरलेले बोळे होते. सगळ्यात वरच्या बोळ्यावर एक तपकिरी ठिपका होता. बोराएवढा.

पान दिव्याखाली धरलं. पांढरी, मऊ झालेली कड तशीच होती. वरचा डाग नव्हता. सतरा वर्षं एका बाईनं रोज दुपारी घासलेली ती जागा स्वच्छ, कोरडी, रंगासाठी तयार होती.

मला रडूच आलं. मोठ्यानं नाही, वहिनीला ऐकू गेलं असतं. पण ओठ चावून मी बराच वेळ तशीच बसले. आपल्या हातानं आपण एक माणूस पुसून टाकलं, असं काहीतरी डोक्यात येत होतं, आणि "अगं, मळ होता तो, मळ" असं मीच मला सांगत होते.

त्यानंतर जे केलं ते सांगायला जीभ रेटत नाही. पण सांगते. मी बुधवारी नदी रंगवली, तीनही बाजूंनी, मन लावून. आणि मग तपकिरी रंगाची कोरडी पूड घेतली, थोडी काळी मिसळली, माझ्या अंगठ्यावर घेतली आणि त्या जागी हळूहळू घासली. पुन्हा घासली. डाग तयार झाला. पूड बसण्यासाठी वर फवारा मारायचा असतो, पण फवाऱ्यानं नको तेवढी चमक आली असती आणि काकांचे डोळे म्हणजे चष्मेवाल्याचे डोळे. म्हणून तशीच ठेवली. पाकीट, केस, चार स्क्रू, सांध्यावर गोंदाची बारीक रेघ. संध्याकाळी लांबून बघितलं तर हुबेहूब.

बोळा कचऱ्यात शोधायला गेले तेव्हा वहिनीनं कचरा देऊन टाकला होता.

३

गुरुवारी दुपारी मी एका गिऱ्हाइकाच्या गठ्ठ्याला पाकिटं चढवत होते. मागे मांडणीवर तयार झालेल्या केस ओळीनं उभ्या होत्या. नावाडीण शेवटची.

टक, टक.

मग थोडं थांबून, टक.

मी वळून बघितलं. काही नव्हतं. केसवर खिडकीतलं ऊन आलं होतं आणि उन्हानं प्लास्टिक तडतडतं, हे मला माहीत आहे. मी केस सावलीत सरकवली आणि कामाला लागले.

टक, टक. टक.

आता गोंद. सांध्यावरचा गोंद वाळताना आखडतो, त्याचा आवाज होतो. तसा आवाज मी याआधी कधी ऐकला नव्हता, पण होत असेल. मी केस कपड्यात गुंडाळून खणात ठेवली. खणातून आवाज जरा दबका यायला लागला. साडेतीनला थांबला. मी घड्याळ बघत नव्हते. बघितलं तेव्हा साडेतीन झाले होते, एवढंच.

शुक्रवारी दुपारी अडीचला वहिनी हातात नेलकटर घेऊन दारात उभी.

"हे घ्या आणि एकदाची नखं कापा. कालपासून टक टक, टक टक. माझी दुपारची झोप म्हणजे तुम्हाला काय सरकारी जागा वाटली?"

मी दोन्ही हात वर करून दाखवले. माझ्या हातात काही नव्हतं. तेवढ्यात खणातून, टक.

वहिनी खणाकडे बघत राहिली. माझी वहिनी कशाला घाबरत नाही, एकदा तिनं घरात शिरलेला साप झाडूनं बाहेर काढलाय. तिनं नेलकटर हळूच टेबलावर ठेवलं.

"झुरळ असेल," ती म्हणाली.

"असेल."

"खण उघडू नका," ती म्हणाली आणि तिच्या खोलीचं दार लावून घेतलं. एरवी ती ते दार कधीच लावत नाही.

४

मी खण उघडला. का, ते मलाही सांगता यायचं नाही. कदाचित झुरळच निघावं अशी माझी फार इच्छा होती.

केस टेबलावर, पांढऱ्या कागदावर ठेवली. टेबलाचं भिंग जवळ ओढलं, दिवा लावला. दुपार असूनही खोलीत अंधारल्यासारखं वाटत होतं, खिडकीला आभाळ आलं असेल.

मी घासलेली पूड जागेवर नव्हती. पाकिटाच्या तळाशी तिची बारीक तपकिरी रेघ साचली होती आणि उरलेली कोपऱ्याच्या कडेला चिकटली होती. हलवाहलवीत झडली असेल, मी मनाशी म्हटलं. प्लास्टिकमध्ये वीज साठते, तिनं ओढली असेल. दोन्ही कारणं चांगली होती. मी ती पुन्हा एकदा मनात म्हणून बघितली.

पण झडलेल्या पुडीखालची जागा कोरी नव्हती. तिथं एक डाग होता. मी केला होता त्याहून जरा वर आणि जरा तिरका. अजून फिकट होता, चमक नुकती धरू लागली होती. मी माझा अंगठा केसवर त्या कोनात ठेवून बघितला. माझा हात तसा वळत नव्हता. पान हातात पंख्यासारखं धरलेल्या माणसाचा अंगठाच तिथं तसा पडला असता.

मी हात काढून घेतला. भिंगातून बघत राहिले.

डागावर आतून धुकं आलं. थंड काचेवर बोट टेकवलं की भोवती येतं तेवढंच, लांबट गोल, आणि त्यात बारीक रेषा. मग पानाचा कोपरा दबला. पाकीट इतकं घट्ट होतं की आत केसाएवढीसुद्धा जागा नव्हती, तरी तो कोपरा खाली दबला, क्षणभर तसाच राहिला आणि सुटला.

टक.

धुकं विरलं. मी भिंग बाजूला सारलं आणि खुर्ची मागे घेतली. भीती वाटत होती, हे तर खरंच. पण भीतीच्या तळाशी दुसरंच काही होतं आणि त्याचीच मला जास्त लाज वाटत होती. मी पकडली गेले होते. मी घातलेला खोटा अंगठा कुणीतरी शांतपणे, दोन दिवस बसून, पुसून काढला होता.

५

काका यायच्या आधीच मी शनिवारी सव्वादोनला त्यांच्या दुकानात गेले. ते शटर अर्धं ओढत होते. मला बघून त्यांचा चेहरा उजळला, आणि मला आणखी मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मागच्या खोलीत जायच्या आधीच, काउंटरपाशी उभी राहून मी सगळं सांगून टाकलं. बोळा. पूड. माझा अंगठा. आवाजाचं सांगितलं नाही, ते सांगायला तोंड उघडत नव्हतं.

काकांनी डोळ्याला लावायचं छोटं भिंग काढलं, केस उजेडात धरली आणि बराच वेळ बघितलं. मी शिव्या खायच्या तयारीत होते. शिव्या मिळाल्या असत्या तर बरंच झालं असतं.

"ही कडेची तपकिरी पूड तुमची," ते अखेर म्हणाले. "चांगली केलीय. मी फसलो नसतो, पण चांगली केलीय."

"काका, मला माफ करा."

"थांबा हो. पण हा डाग…" त्यांनी भिंग काढलं, पुसलं, पुन्हा लावलं. "हा डाग तुमचा नाही. ती अंगठा तिरका धरायची. लहानपणी मोडला होता."

भिंतीवरच्या घड्याळात अडीच वाजले. त्यांच्या हातातल्या केसमध्ये आवाज झाला. टक, टक. मग टक.

मला वाटलं होतं ते केस टाकून देतील. त्यांनी ती छातीशी धरली. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तरी ते वैतागलेल्या सुरात म्हणाले, "बघा! हे असं सतरा वर्षं!"

मग त्यांनी मला मागच्या खोलीत नेलं. खोली लहान होती. एक खाट, एक कपाट, आणि मधे पांढऱ्या पत्र्याचं टेबल, समोरासमोर दोन खुर्च्या. टेबलावर डाव मांडलेला. मधे ओढायच्या पानांचा गठ्ठा. अलीकडे पाच पानं पालथी, एका ओळीत. पलीकडे सहा पानं पालथी, पंख्यासारखी, जशी कुणी नुकतीच हातातून खाली ठेवली असावीत. त्या सहा पानांच्या मधे एका पानाएवढी फट होती.

"तिची चाल होती," काका म्हणाले. "'मला जरा विचार करू दे' म्हणाली, पानं ठेवली आणि जरा पडते म्हणून खाटेवर गेली. तिथून दवाखाना. अकराव्या दिवशी मी एकटा परत आलो. मग हे मोडवेना. लेक सारखी म्हणते, बाबा, दुकान बंद करा, माझ्याकडे या. तिला काय सांगू? डाव अर्धा आहे म्हणून सांगू?"

ते खाटेच्या कडेला बसले.

"लबाडी तुम्ही एकट्यांनी नाही केली, ताई. आठ महिने मी तिच्या पानांना हात लावला नाही. आणि गेल्या सोमवारी उचलून बघितली. समोरच्याची पानं बघायची नसतात. तिनं मला जन्मात क्षमा केली नसती. बघितली, आणि त्यातली नावाडीण काढून घेतली. म्हटलं, एवढी तरी जपू."

मी त्या फटीकडे बघत होते. ज्या पानावर ती विचार करत होती, तेच पान आम्ही दोघांनी मिळून तिच्या हातातून काढलं होतं आणि चार स्क्रूंच्या आत बंद केलं होतं. आणि ती विचार करतच होती.

"उघडा," काका म्हणाले.

मी स्क्रू ड्रायव्हर काढला, आणि तो हातातच राहिला. पानाखालचा नियम मला पाठ झाला होता.

"काका, काकू नावाडीण टाकायच्या, तेव्हा उभी टाकायच्या की आडवी?"

"आडवी," ते हसले. "नेहमी आडवी. सतरा वर्षांत एकदाही उभी नाही. माझं एक तरी पान घेतल्याशिवाय ती कधी उठलीच नाही."

मी त्यांच्याकडे बघितलं. मला काय म्हणायचंय ते त्यांना कळलं होतं. पासष्टीचा माणूस, वाळलेला, शर्टाचं वरचं बटण चुकीच्या काजात घातलेला. मला एकदम वाटलं, केस घेऊन पळून जावं, गोंदाचा आणखी एक थर द्यावा.

"उघडा, ताई," ते मऊ आवाजात म्हणाले. "चाल तिची आहे."

६

मी चारही स्क्रू काढले. गोंद पात्यानं कापला. पाकिटातून पान बाहेर घेताना माझ्या बोटांना तपकिरी पूड लागली. कोपऱ्याला आणि कडेला अजून बरीच चिकटलेली होती.

"पुसू?" माझ्या तोंडून गेलंच.

"आता मात्र काही पुसू नका," काका म्हणाले, आणि त्या तशा वेळी आम्ही दोघं हसलो.

त्यांनी नावाडीण पालथी करून त्या फटीत सरकवली. सात पानं झाली. मग ते उठले आणि मला बाहेर चला अशी खूण केली.

"ती विचार करायला लागली की मी समोर बसलेलं तिला चालायचं नाही. मी चहा टाकायला जायचो. चाल झाली की हाक मारायची."

मागच्या खोलीचं दार त्यांनी लोटून घेतलं. दुकानाच्या टोकाला, पडद्यामागे, एक शेगडी होती. ते तिकडे गेले. मी दाराजवळच्या स्टुलावर बसले. दुकानात भिंतभर चष्मे होते, डोळे नसलेले, सगळे माझ्याकडे तोंड करून. अर्ध्या शटरखालून रस्त्यावरचे पाय जाताना दिसत होते. दुपारची साधी वेळ होती. कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं.

शेगडीवर पाणी सणसणायला लागलं. काकांनी कप काढल्याचा आवाज आला. एक, दोन. मग तिसरा, आणि त्यानंतर बराच वेळ काही नाही.

दारामागे, टक, टक.

मी श्वास धरला. टक.

मग ते थांबलं. तीन दिवसांत ते साडेतीनच्या आधी पहिल्यांदाच थांबलं होतं.

आणि मग पत्र्यावरून पान सरकल्याचा आवाज झाला. पानांबरोबर माझं आयुष्य गेलंय, तो आवाज मला झोपेतही ओळखू येईल. एकच, सरळ, ठाम आवाज. चाल टाकली की येतो तसा.

मी उठायला हवं होतं. मला पडद्याकडे बघवेना. पडद्यामागे चहा ओतल्याचा आवाज येईल म्हणून मी कान देऊन बसले होते, तो येत नव्हता. पाणी नुसतं उकळत होतं. "काका?" मी म्हटलं, पण माझा आवाज मलाच ऐकू आला नाही. मी देवाला फार त्रास देत नाही, पण त्या स्टुलावर बसून मी काकूंना म्हणाले, मनातल्या मनात, त्या काउंटरवर असायच्या तेव्हा बोलायचे तशीच: अहो काकू, राहू द्या ना त्यांना. लेक वाट बघतेय.

किती वेळ गेला कुणास ठाऊक. मग दारामागे पुन्हा आवाज झाला. या वेळी सरळ नव्हता. हळू, घासत, वळल्यासारखा.

पडद्यामागे काका खोकले. कपात चहा पडायला लागला. माझा जीव भांड्यात पडला.

७

"झाली का हो चाल?" काकांनी पडद्यामागून विचारलं. "तुम्हीच बघा आधी. माझा धीर होत नाही. आणि या वाफेनं चष्मा पांढरा झालाय नुसता, काही दिसत नाहीये."

मी दार ढकललं.

खोलीत कुणी नव्हतं. पलीकडची खुर्ची जिथल्या तिथं होती. पंख्यातली सहा पानं पालथी होती आणि सातवं टेबलाच्या मधे, सुलटं. नावाडीण. उभी. धुकं, नदी, माझ्या हातानं कडेपर्यंत गेलेलं करडं पाणी, आणि ती पाठमोरी बाई.

मी जवळ गेले, आणि तेव्हा मला पूड दिसली.

पांढऱ्या पत्र्यावर माझ्या तपकिरी पुडीची खूण होती. पान पहिल्यांदा जिथं टेकलं तिथं कोपऱ्याचा आणि कडेचा स्पष्ट ठसा उमटला होता. तो आडवा होता. तिथून पुडीची एक बारीक कमान निघाली होती, पाव वळणाची, आणि पान आता जिथं उभं होतं तिथं येऊन थांबली होती. कमानीच्या मधे एका जागी पूड जास्त पडली होती. तिथं हात थांबला असणार.

आणि अलीकडच्या बाजूला, काकांच्या पाच पानांपैकी मधलं पान ओळीतून बाहेर आलं होतं. बोटभर. नावेच्या दिशेनं.

मागे काकांच्या सपातांचा आवाज येत होता. मला विचार करायला वेळ नव्हता, आणि मी विचार केलाही नाही. अकरा वर्षांच्या सवयीनं माझा हात आपोआप पुढे झाला. ओढणीच्या टोकानं मी तो आडवा ठसा पुसला, कमान पुसली, एकदा उभी, एकदा आडवी. ओळीतून बाहेर आलेलं पान बोटानं मागे सरकवलं. ते गार होतं. आजूबाजूच्या पानांपेक्षा पुष्कळ गार.

काका ट्रे घेऊन आत आले. ट्रेमध्ये तीन कप होते. चष्म्याशिवाय त्यांचा चेहरा वेगळाच, कोवळा वाटत होता. ते टेबलावर अगदी नाक टेकेपर्यंत वाकले.

"उभी," ते म्हणाले. "ताई, उभी आहे ना?"

"उभी आहे, काका."

ते हळूच खुर्चीत बसले, त्यांच्या बाजूच्या. तिसरा कप त्यांनी समोरच्या खुर्चीपुढे सरकवला. त्यांचा हात नावाडिणीच्या कोपऱ्यावर, त्या तिरक्या डागावर टेकला आणि तिथंच राहिला.

"आता मला पान ओढायला हवं," ते म्हणाले. "नियम आहे."

"ओढा की."

त्यांनी गठ्ठ्यावरचं पान ओढलं, डोळ्यांजवळ नेलं, लांब धरलं, पण बघितलं नाहीच. त्यांना बोलायचं होतं.

"मी उगाच घाबरलो हो. बघितलंत ना? पटकन टाकली आणि उभी टाकली. माझ्यासाठी विचारसुद्धा करावा लागला नाही तिला."

ओढणीचं तपकिरी टोक मी मुठीत धरलं होतं.

"नाही लागला," मी म्हणाले. "मी दाराशीच होते ना. लगेच टाकली."